रिमोट ड्रोनला जोडला जात नाही? औषध कालवण्याआधी हे तपासा

भात गाभ्यात येऊ लागते तेव्हाच खोडकिडा, पाने गुंडाळणारी अळी आणि तुडतुडे जोर धरतात, आणि नेमकी तेव्हाच पावसाची उघडीप दोन-तीन तासांपलीकडे मिळत नाही. मुंबईच्या उत्तर किनाऱ्याला वसई-विरार, उत्तन, गोराई-मनोरीकडे त्यात खाऱ्या वाऱ्याची भर. ड्रोन बांधावर ठेवलेला, टाकी भरलेली आणि रिमोटच्या पडद्यावर सिग्नलच नाही, अशी वेळ या दिवसांत हमखास येते. बऱ्याचदा दोष शेतावरच सुटण्यासारखा असतो, पण घाईत भलताच भाग उघडला जातो. म्हणून या हंगामात कामाचा क्रम पक्का ठेवावा: आधी जोडणी, मग पाणी, शेवटी औषध.

नेमके काय तुटले आहे?

"कनेक्ट होत नाही" या एका तक्रारीखाली चार वेगळे दोष लपलेले असतात. ते ओळखायला रिसीव्हरचा दिवा बघावा. रिसीव्हर म्हणजे ड्रोनवरची, दोन बारीक तारांचे अँटेना असलेली छोटी डबी.

दिवा अजिबात लागत नसेल तर रिसीव्हरला वीजच पोचत नाही. दिवा लुकलुकत असेल तर वीज आहे, पण रिमोट सापडत नाही. दिवा स्थिर आहे, तरी ॲपमध्ये रिमोटचा सिग्नल नाही असे येत असेल, तर रिसीव्हर आणि फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा मेंदू) यांच्यामधली तार किंवा सेटिंग बिघडलेली. आणि रिमोटची काठी हलवली की ॲपमध्ये पट्ट्या हलतात, फक्त मोटरी सुरू होत नाहीत, तर जोडणी ठीक आहे. अडचण जीपीएस, कंपास किंवा परवानगीची आहे. त्यासाठी पुन्हा बाइंड करत, म्हणजे रिमोट आणि रिसीव्हरची नव्याने ओळख करून देत, बसू नये, चांगली चाललेली जोडणी बिघडेल. दिव्याच्या खुणा मॉडेलनुसार थोड्या बदलतात, तेव्हा आपल्या ड्रोनची पुस्तिका एकदा पाहून त्या खुणा पेटीच्या झाकणावर लिहून ठेवाव्यात.

आधी सोप्या गोष्टी

रिमोट आधी चालू करावा, तो पूर्ण सुरू होऊ द्यावा, मगच ड्रोनची बॅटरी जोडावी. बंद करताना उलटा क्रम. बरेच रिमोट सगळे स्विच वर आणि थ्रॉटलची (मोटरींचा वेग वाढवणारी) काठी खाली असल्याशिवाय सिग्नल सोडतच नाहीत. पडद्यावर इशारा असतो, पण उन्हात तो दिसत नाही आणि माणूस रिसीव्हर खोलायला बसतो.

रिमोटची बॅटरी मोजावी. चार पेन्सिल सेलवर चालणारे साधे रिमोट ४.२ व्होल्टच्या खाली गेले की बीप-बीप करू लागतात. आत लिथियमची दोन सेलची बॅटरी असेल तर पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट यायला हवेत. उन्हाळी भाजीनंतर रिमोट दोन-तीन महिने पेटीत पडून राहिला असेल तर बॅटरी खोल उतरलेली असते. चार्जिंगला लावल्यावर दिवा हिरवा होतो, पण भार पडताच व्होल्टेज कोसळते. अशी बॅटरी बदलणेच बरे.

अवजार बँकेत किंवा बचत गटाकडे एकाच मॉडेलचे दोन ड्रोन असतील तर रिमोटची अदलाबदल हे सर्वात साधे आणि नजरेतून सर्वात जास्त सुटणारे कारण. प्रत्येक ड्रोनवर आणि त्याच्याच रिमोटवर ऑइल पेंटने एकच आकडा टाकावा. काही रिमोटमध्ये अनेक मॉडेलची स्मृती असते आणि बाइंडिंग त्या-त्या मॉडेलपुरतेच राहते. दुसरे मॉडेल निवडले गेले तर रिसीव्हर ओळख देत नाही.

अँटेना: मुंबईत इथेच जास्त घोळ

बहुतेक फवारणी ड्रोनचे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. या लहरीची लांबी साधारण १२.५ सेंटिमीटर. रिसीव्हरच्या तारेच्या टोकाचा साधारण ३१ मिलिमीटरचा उघडा भाग म्हणजे खरा अँटेना. उरलेली तार फक्त वाहक. तो तुकडा उंदराने कुरतडला, कापला गेला किंवा ड्रोनच्या कार्बन फायबरच्या हाताला चिकटवला तर पल्ला एकदम घटतो. दोन तारा एकमेकींशी काटकोनात, कार्बनपासून दूर, प्लॅस्टिकच्या नळीत बसवाव्यात.

रिमोटचा तुटलेला अँटेना बदलायचा तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात शंभर प्रकार मिळतात, आणि तिथेच फसगत होते. वायफाय राउटरच्या अँटेनाचा जोड बहुधा आरपी-एसएमए असतो, तर बऱ्याच रिमोटचा साधा एसएमए. दोन्हींचे आटे एकमेकांत नीट बसतात, पण मधली पिन दोन्ही बाजूंना येते किंवा एकाही बाजूला येत नाही. दोन्हीकडे भोक असेल तर अँटेना घट्ट बसलेला दिसतो आणि सिग्नल मात्र बाहेर पडत नाही. तेव्हा जुना अँटेना सोबत न्यावा आणि पिन डोळ्यांनी बघूनच घ्यावा. अँटेना काढलेला असताना रिमोट चालू करू नये. बाहेर जायला वाट न मिळालेली शक्ती प्रेषकाचाच भाग जाळू शकते.

अँटेनाचे टोक ड्रोनकडे रोखणे ही सवय सोडावी. टोकाच्या दिशेने सिग्नल सर्वात कमजोर, बाजूने सर्वात जोरकस. अँटेना उभा, म्हणजे त्याची कड ड्रोनकडे, असा धरावा.

खारे दमट हवामान

वसई-उत्तनच्या वाऱ्यातले मीठ आणि फवारणीचे शिंतोडे मिळून जोडांच्या पिनांवर हिरवट थर चढतो. डोळ्यांना किरकोळ वाटतो, पण रिसीव्हरला ५ व्होल्टऐवजी ४ व्होल्ट पोचवायला तेवढा पुरतो, आणि मग दिवा लागतो-विझतो. मल्टिमीटरने रिसीव्हरच्या लाल आणि काळ्या तारेत मोजावे; ४.८ ते ५.३ व्होल्ट ठीक. त्याखाली असेल तर आधी जोड साफ करावा, तरी सुधारणा नसेल तर वीज पुरवणारे मॉड्यूल तपासून घ्यावे.

सफाई ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ दातांच्या ब्रशने. बॅटरी काढून घासावे, १५ मिनिटे वाळू द्यावे. हातावरचा सॅनिटायझर वापरू नये, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असते. पेट्रोल तर नकोच. रोज काम संपल्यावर ड्रोन गोड्या पाण्यात पिळलेल्या कापडाने पुसावा. रिसीव्हरच्या बाजूला पाइपचा फवारा मारू नये. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.

एसीच्या खोलीतून रिमोट थेट दमट शेतावर नेला की आत दव धरते. पेटी बंदच ठेवून अर्धा तास बाहेर मुरू द्यावी.

पुन्हा बाइंड करणे

वरचे सगळे झाल्यावरही दिवा लुकलुकत असेल तरच हे करावे. सगळे पंखे काढून ठेवावेत. यात सूट नाही: बाइंड होताना थ्रॉटलचा आकडा क्षणभर चुकीचा जाऊ शकतो. टाकी रिकामी. रिमोट आणि ड्रोन एक ते दोन मीटर अंतरावर ठेवावेत. अगदी चिकटवून ठेवले तरी जोडणी फसते, आणि टेम्पोच्या पत्र्यावर ठेवले तर हमखास.

रिसीव्हरवरचे बाइंडचे बटण दाबून धरत ड्रोनला वीज द्यावी. दिवा भराभर लुकलुकू लागेल. काही रिसीव्हरला बटण नसते, बाइंडच्या खणात आखूड प्लग घालावा लागतो. रिमोट बाइंडच्या स्थितीत न्यावा; साध्या रिमोटमध्ये बाइंडचे बटण दाबून पॉवर देतात, पडद्याच्या रिमोटमध्ये मेनू असतो. दिवा स्थिर झाला की प्लग काढून दोन्ही बंद करावेत आणि नेहमीच्या क्रमाने पुन्हा सुरू करावेत. प्लग काढायला विसरले की पुढच्या वेळी "पुन्हा तुटले" अशी ओरड होते.

जोडणी झाली, पण ॲपमध्ये पट्ट्या हलत नाहीत? रिसीव्हरचे आउटपुट एसबस आहे की पीपीएम (सिग्नल पुढे पाठवण्याच्या दोन पद्धती), आणि फ्लाइट कंट्रोलरमध्येही तेच निवडले आहे का, ते बघावे. एसबसची तार चुकीच्या खणात असणे हीही नेहमीची चूक. नुकतेच एका बाजूचे सॉफ्टवेअर अद्ययावत केले असेल तर दोन्ही बाजूंच्या आवृत्त्या जुळतात का, ते पाहावे.

टॅबलेट जोडला जात नसेल तर तो प्रश्न निराळा. ब्लूटूथसाठी अँड्रॉइडमध्ये लोकेशनची किंवा जवळच्या उपकरणांची परवानगी सुरू लागते. तारेने जोडत असाल तर तार डेटाची हवी. चार्जरसोबत आलेल्या स्वस्त तारा बऱ्याचदा फक्त वीज नेतात.

बाइंड केल्यावर फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर ड्रोनने आपोआप काय करायचे ती सोय, नव्याने तपासावेच. पंखे काढलेले असतानाच रिमोट बंद करावा. ॲपमध्ये फेलसेफ दिसले पाहिजे आणि पंप थांबला पाहिजे. पंप चालू राहिला तर सिग्नल तुटलेला ड्रोन शेजारच्या वाडीवर औषध शिंपत परतेल.

बांधावर सिग्नल मिळत नाही, घरी मिळतो

याचे कारण बहुधा पाणी. ओली पाने २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल शोषतात, आणि जमिनीलगत तर तो आणखी मरतो. भाताच्या चुडांत बुडालेला ड्रोन रिमोटला दिसत नाही. स्टुलावर किंवा उंच बांधावर ठेवून बघावा. वसईच्या वाडीत केळी आणि माडांच्या आड उभे राहून उडवू नये. सिग्नल तुटल्यावर ड्रोनची आपोआप परतण्याची उंची परिसरातल्या सर्वात उंच माडापेक्षा वर ठेवावी. २०-२५ मीटरचे माड असतील तर ३० मीटरच्या वर.

इमारतींना लागून असलेल्या शेतांत वायफायची गर्दी असते. मदतनिसाच्या खिशातला मोबाइल हॉटस्पॉट आधी बंद करायला सांगावा. मोबाइल टॉवरच्या अगदी पायथ्याशी उड्डाण नको, कारण ४जीचा एक पट्टा २३०० ते २४०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे आपल्या सिग्नलला खेटून असतो.

जोडले, पण उडत नाही

काही ड्रोन नकाशातल्या बंदीमुळेच सुरू होत नाहीत, आणि हा दोष रिमोटच्या माथी मारला जातो. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत हिरवे क्षेत्र, म्हणजे अशी परवानगी न लागणारे, धरतात. मुंबई विमानतळाजवळच्या आरेतल्या पाड्यांना ही अडचण येतेच. नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यामुळे पनवेल, उरण बाजूनेही जुना नकाशा धरून चालू नये. मुंबई पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश अधूनमधून निघतात, तेव्हा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा आणि स्थानिक पोलीस ठाणे, दोन्हीकडे विचारावे. प्रमाणित ड्रोनला दुसऱ्याच कंपनीचा रिमोट-रिसीव्हर बसवण्याआधी उत्पादकाला विचारणे भाग आहे. टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलचे मान्यतापत्र, त्या मूळ जुळणीला दिलेले असते.

टाकीत औषध कालवलेले असेल तर

ड्रोनसाठी एकरी साधारण १० लिटर पाणी वापरतात, पाठीवरच्या पंपासाठी एकरी २०० लिटरच्या आसपास. म्हणजे टाकीतले द्रावण सुमारे वीसपट तीव्र असते. ते तसेच पाठीवरच्या पंपात ओतले तर भात करपेल आणि फवारणाऱ्याला विषबाधेचा धोका. एका एकराचे १० लिटर द्रावण असेल तर १९० लिटर पाणी मिळवून त्याच एका एकरावर, त्याच दिवशी, हातमोजे-मास्क लावून फवारावे. ओढ्यात किंवा खाडीत ओतू नये.

दुरुस्तीला पाठवताना रिसीव्हरच्या दिव्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ, मोजलेले व्होल्ट, रिमोट आणि ड्रोनच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या आणि दोष कोरड्या दिवशीही येतो का, एवढे लिहून द्यावे. रिमोट आणि ड्रोन दोन्ही पाठवावेत, एकच पाठवला तर तो तिथे चालतो आणि शेतावर परत बंद पडतो. ड्रोनची बॅटरी मात्र घरीच ठेवावी, प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून.