केमिस्ट्रीच्या पोरांना डेटा नीट ठेवायला कसं शिकवायचं

रिसर्च डेटा मॅनेजमेंटवर तासभर स्लाइड्स दाखवल्या की पोरं माना डोलावतात आणि पुढच्या प्रॅक्टिकलला फाइलचं नाव परत 'फायनल नवीन २' असतंच. म्हणून आधी लेक्चर नको, आधी त्यांना दुसऱ्याच्या डेटावर काम करायला लावा.

टायट्रेशनपासून, म्हणजे माहीत असलेलं द्रावण थेंबथेंब घालून ॲसिडचं कॉन्सन्ट्रेशन काढायच्या प्रयोगापासून, सुरू करा. प्रयोग झाल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मग एका ग्रुपचा फोल्डर दुसऱ्याला द्या आणि सांगा की यावरून ॲसिडचं कॉन्सन्ट्रेशन काढा, पण ज्यांचा फोल्डर आहे त्यांना काही विचारायचं नाही. लगेच ओरड सुरू होते, १२.४ म्हणजे ब्युरेटचं (खुणा असलेल्या नळीचं) शेवटचं रीडिंग की फरक, एनएओएच (सोडियम हायड्रॉक्साइड) ०.१ धरायचं की स्टँडर्डाइज करून, म्हणजे नेमकं तपासून, आलेलं, रंग बदलणारा इंडिकेटर कुठला. हे सगळे प्रश्न फळ्यावर लिहा, तोच तुमचा सिलॅबस. १२.४ आणि १२.४० वर पण इथेच बोलून घ्या, ५० मिलीच्या ब्युरेटवर ०.१ चे भाग असतात आणि पुढचा आकडा आपण अंदाजाने वाचतो, तर तो शेवटचा शून्य म्हणजे माहिती आहे, आणि एक्सेल तो न विचारता उडवतं.

एक्सेलचा विषय निघालाच आहे तर पोटॅशियमचा सीएएस नंबर, म्हणजे त्या रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक, ७४४०-०९-७ सगळ्यांना एका सेलमध्ये टाइप करायला सांगा. बहुतेकांच्या स्क्रीनवर त्याची तारीख होते, साल ७४४०! यानंतर 'कॉलम आधी टेक्स्ट करून घ्या' हे वेगळं समजवावं लागत नाही.

फाइलच्या नावांवर फार वेळ घालवू नका. आधी साल, मग महिना, मग दिवस, पुढे ग्रुप, सॅम्पल, टेक्निक, मध्ये स्पेस नाही, झालं. तारीख अशी लिहिली की फाइली आपोआप क्रमाने लागतात.

खरी मारामारी स्पेक्ट्राची, म्हणजे रेणू ओळखायला वापरतात त्या एनएमआर, आयआर मशीनमधून येणाऱ्या आलेखांची. पोरं एनएमआरचा स्क्रीनशॉट रिपोर्टमध्ये चिकटवतात आणि त्यालाच डेटा म्हणतात. त्यांना एक एफआयडी (एनएमआर मशीनमधून आलेला कच्चा सिग्नल) द्या, त्यातून निघणाऱ्या आलेखाच्या फेज आणि बेसलाइनची दुरुस्ती स्वतः करायला लावा, मग म्हणा आता हेच त्या स्क्रीनशॉटवर करून दाखवा. मूळ फोल्डर जसाच्या तसा झिप करून ठेवायचा, त्यातली एकही फाइल काढायची नाही, कारण सॉल्व्हंट, फ्रिक्वेन्सी, स्कॅन किती हे सगळं त्या बारक्या फाइलींमध्ये असतं. आयआर असेल तर मशीनच्या स्वतःच्या फॉरमॅटबरोबर जेकॅम्प-डीएक्स या खुल्या फॉरमॅटमध्ये पण एक्स्पोर्ट करा, म्हणजे त्या कंपनीचं सॉफ्टवेअर नसलं तरी उघडेल.

प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी रीडमी टेक्स्ट फाइल हवी, कोणी केलं, कधी, कुठल्या मशीनवर, कॉलमची युनिट्स काय, कुठलं रीडिंग टाकून दिलं आणि का. ती त्याच दिवशी लॅबमधून निघायच्या आत लिहायची, घरी जाऊन लिहिलेली रीडमी म्हणजे निम्मी कादंबरी असते. रॉ डेटा रीड-ओन्ली, आकडेमोड कॉपीवर.

२०१६ मध्ये आलेली फेअर तत्त्वं, म्हणजे डेटा सापडावा, मिळावा, इतर डेटाशी जुळावा, परत वापरता यावा, ही आता सांगा, आता ती डोक्यात बसतात. आणि मार्क ठेवा, नाहीतर कोणी करत नाही. फोल्डरचे मार्क तुम्ही न देता ज्या ग्रुपला तो वापरावा लागला त्यांना देऊ द्या, ती पोरं तुमच्यापेक्षा कडक निघतात.