वेग घेतला की फिश फाइंडर आंधळा? संच बदलू नका, ट्रान्सड्यूसरची जागा बदला

फिश फाइंडर म्हणजे ध्वनीच्या मदतीने तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारा संच; ट्रान्सड्यूसर हा त्याचा बुडाखाली बसणारा, ध्वनी सोडणारा आणि ऐकणारा भाग. नांगरावर तळ स्वच्छ दिसतो, चालू लागलात की पडद्यावर नुसते ठिपके. लगेच नवा संच घ्यायला सांगणारे खूप भेटतील. आधी एवढे करा: नौका उभी ठेवून, गिअर न टाकता इंजिनाचा वेग वाढवा. ठिपके आले तर दोष विजेचा आहे. केबल आल्टरनेटर (इंजिनावरचे वीज बनवणारे यंत्र) आणि व्हीएचएफ रेडिओच्या तारांपासून दूर न्या, संचाला बॅटरीवरून फ्यूजसह स्वतंत्र तार द्या. ठिपके फक्त नौका चालतानाच येत असतील, तर ट्रान्सड्यूसरच्या तोंडाखालून हवा जाते आहे. ध्वनी ५० किलोहर्ट्झचा असो वा २००चा, बुडबुड्यांचा थर तो अडवतोच.

मग जूनच्या मासेमारी बंदीत नौका वर ओढली की ट्रान्सड्यूसर हलवायचे काम काढा.

सगळा खेळ जागेचा. संथ चालीच्या ट्रॉलरला नाळेपासून (पुढच्या टोकापासून) मोजून पाणरेषेच्या एक तृतीयांश ते निम्म्या लांबीदरम्यान जागा निवडा. तिच्या पुढच्या रेषेत पट्टी, पाइपाचे तोंड, गंज रोखणारी झिंकची वडी काहीही नको. बुडबुडे तिथेच जन्मतात. ‘पंख्याजवळ बसवा, केबल कमी लागते’ हा सल्ला ऐकूच नका. एकच पंखा असेल तर ज्या बाजूला त्याची पाती खाली येतात ती बाजू घ्या. उजवीकडे फिरणाऱ्या पंख्याला ती उजवी. बूड तिरके असते, म्हणून फेअरिंग ब्लॉक (ट्रान्सड्यूसर सरळ बसवणारा ठोकळा) त्या उताराला तासून घ्या. तोंड पाण्याला समांतर आणि ब्लॉक नौकेच्या मध्यरेषेला समांतर हवा. ब्लॉक वाकडा बसला तर तोच बुडबुडे पाडतो, मग सगळी मेहनत पाण्यात.

लाकडी बुडाला ट्रान्सड्यूसरचे प्लॅस्टिकचे घर (बाहेरचे आवरण) चालत नाही: लाकूड फुगते, घर तडकते. ब्राँझचे घ्या, मरीन सीलंट भरा, आणि नट शेवटचा आवळायचा तो लाकूड फुगल्यावरच.

ट्रान्सड्यूसरच्या तोंडाला वॉटर-बेस्ड अँटिफाउलिंग (शेवाळ चिकटू न देणारा) रंग, तोही पातळ एकच हात. कीटोनचे सॉल्व्हंट असलेला रंग प्लॅस्टिक खातो. शेवाळ मऊ ब्रश आणि साबणाने काढा. तारेचा ब्रश लांबच ठेवा.

केबल लांब झाली म्हणून कापू नका, गुंडाळून बांधा.

नौका पाण्यात उतरवताच ट्रान्सड्यूसरसाठी पाडलेल्या भोकाभोवती गळती बघा. बारीक गळती लगेच दिसत नाही, म्हणून पहिल्या दिवशी तीन तासांहून जास्त वेळ नौका न तपासता सोडू नका.