कोणती जलवाहिनी आधी फुटेल, हे कसे ओळखावे

जलवाहिन्या बदलण्याचा क्रम केवळ वयावरून लावला, तर नागपुरात तो हमखास चुकतो. एकाच वर्षी टाकलेला बीडाचा पाईप मुरमात शाबूत राहतो, आणि वैशाखात भेगाळून पावसाळ्यात फुगणाऱ्या काळ्या मातीत मात्र तो आडवा मोडतो. म्हणून अंदाजाची सुरुवात दुरुस्तीच्या नोंदवहीपासून करावी.

‘टाकीजवळ लाइन लीक, दुरुस्त केली’ एवढीच नोंद निरुपयोगी असते. तारीख, नेमकी जागा, व्यास, पाईप कशाचा आणि तो कसा फुटला, हे फिटरकडून त्याच दिवशी लिहून घ्यावे. आडवी, म्हणजे पाईपच्या घेराभोवतीची चीर बहुधा जमिनीच्या हालचालीकडे बोट दाखवते, उभी, म्हणजे लांबीच्या दिशेने गेलेली चीर दाबाकडे, तर भोक गंजाकडे. घरगुती जोडणीच्या फेरूलची (मुख्य वाहिनीला घराची नळी जिथे जोडतात, त्या सांध्याची) गळती वेगळी ठेवावी, नाहीतर दाट वस्तीतली प्रत्येक वाहिनी उगाच धोकादायक दिसते.

काढलेला तुकडा भंगारात टाकण्यापूर्वी घासून सुरीने खरवडावा. बीडातले लोखंड गंजून निघून गेले, की मागे ग्राफाइट उरते. पाईप वरून धडधाकट दिसतो, पण सुरीखाली पेन्सिलीच्या शिशासारखा काळा भुगा पडतो. शाबूत धातूची जाडी किती उरली, हे मोजून त्याच नोंदीत लिहावे.

मग नकाशावर वाहिन्यांचे व्यास, पाईपचा प्रकार, माती आणि दाब सारखे असलेले तुकडे पाडून प्रत्येकाचा फुटण्याचा दर काढावा. समजा, 400 मीटरचा तुकडा 5 वर्षांत 4 वेळा फुटला, तर दर वर्षाला किलोमीटरमागे 2 होतो. शमीर आणि हॉवर्ड या संशोधकांनी 1979 मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार हा दर काळाबरोबर घातांकी पद्धतीने, म्हणजे दरवर्षी ठरावीक पटीने वाढतो. मात्र एका तुकड्याच्या चार-दोन नोंदींवरून वाढीचा वेग काढू नये. तो सारख्या तुकड्यांच्या गटासाठी काढावा. पाणी ठरावीक वेळीच सुटत असेल, तर रोजची दाबाची चढउतारही विचारात घ्यावी.

या दरांवरून केलेली वाहिन्या बदलण्याच्या क्रमाची यादी वापरण्याआधी शेवटच्या 2 वर्षांच्या नोंदी झाकून ठेवाव्यात, त्याआधीच्या नोंदींवरून क्रम लावावा आणि वरच्या 10 टक्के लांबीत झाकलेल्यांपैकी किती फुटी सापडतात, ते पाहावे. हीच मोजणी निव्वळ वयाच्या यादीवर करावी. दोन्ही आकडे सारखेच आले, तर सूत्र बदलण्यापूर्वी नोंदवहीतल्या जागा नकाशाशी पुन्हा ताडून पाहाव्यात.