थेरपीत ‘कसंतरी होतंय’च्या पुढे कसं जायचं

थेरपिस्टने ‘तेव्हा काय वाटलं?’ असं विचारलं की आपण बहुतेक वेळा काय घडलं तेच सांगत बसतो, बॉस मीटिंगमध्ये असं बोलला, मग मी गप्प बसलो, मग घरी येऊन सगळ्यांवर चिडचिड केली वगैरे, आणि सेशन संपतं तेव्हा किस्सा सगळा सांगून झालेला असतो पण मनात काय चाललं होतं ते तसंच राहिलेलं असतं. भावनेला शब्द देणं सरावाने जमतं, आणि माझ्या मते थेरपीतला बराचसा बदल इथूनच सुरू होतो.

आधी याने होतं काय ते सांगतो. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या टीमने २००७ मध्ये ब्रेन स्कॅन करून बघितलं, लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले आणि त्या चेहऱ्यावरच्या भावनेला नाव द्यायला सांगितलं, तर ऍमिग्डाला म्हणजे मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग शांत झाला आणि कपाळामागचा, उजव्या बाजूचा, आवर घालणारा भाग जास्त कामाला लागला. २०१२ चा कोळ्यांचा प्रयोग तर मला अजूनच आवडतो. कोळ्याला प्रचंड घाबरणाऱ्या लोकांना जिवंत कोळ्यासमोर उभं केलं, काहींना सांगितलं की ‘तो काही करणार नाही’ अशी स्वतःची समजूत घाला, काहींना दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलायला लावलं, आणि काहींना सरळ आपली भीती बोलून दाखवायला सांगितली, म्हणजे ‘हा घाणेरडा कोळी अंगावर उडी मारेल म्हणून मला भीती वाटतेय’ असं. आठवड्याने परत कोळ्यासमोर आणल्यावर भीती बोलून दाखवणाऱ्यांच्या हाताला येणारा घाम कमी झालेला होता, आणि भीतीचे शब्द ज्यांनी जास्त वापरले त्यांचा फायदा जास्त. म्हणजे समजूत घालण्यापेक्षा आहे ते बोलणं जास्त कामी आलं!

आता करायचं कसं. सुरुवात शरीरापासून करा, शब्द नंतर. छातीत दडपण आहे का, घसा दाटलाय का, पोटात गोळा आलाय का, जबडा आवळलाय का, जे असेल ते जसंच्या तसं बोला. ज्यांना काय वाटतंय हेच कळत नाही (असे खूप लोक असतात आणि त्यात लाजण्यासारखं काहीही नाही) त्यांच्यासाठी तर हाच खरा दरवाजा आहे. मग एखादा शब्द लावून बघा आणि थांबा. तत्त्वज्ञ आणि मानसोपचार-संशोधक युजीन जेंडलिन यांनी थेरपीच्या सेशनची रेकॉर्डिंग ऐकून हेच हेरलं होतं की ज्यांना थेरपीचा उपयोग होतो ते लोक घडाघडा बोलत नाहीत, ते अडखळतात, शब्द शोधतात, ‘नाही, राग नाही... म्हणजे...’ असं करत करत पुढे जातात. नेमका शब्द सापडला की आत काहीतरी सैल पडतं, श्वास सुटतो, कधी डोळ्यात पाणी येतं. चुकीच्या शब्दाने तसं काही होत नाही.

आपण भावना सांगतोय की विचार, याची एक साधी चाचणी. ‘मला वाटतं की त्याने मुद्दाम केलं’ हा विचार झाला. ‘वाटतं’च्या पुढे ‘की’ आला तर तिथे थांबा आणि परत विचारा, मग त्याने मला काय होतंय?

बॉसचंच बघा. सेशनमध्ये ते साधारण असं चालतं.

‘मला राग आलाय.’
‘राग कुठे जाणवतोय?’
‘घशात. दाटून आल्यासारखं... सगळ्यांसमोर बोलला ना तो.’
‘सगळ्यांसमोर बोलल्यावर काय झालं तुम्हाला?’
‘अपमान वाटला. आणि... आता मी इथे कोणालाच नकोय, अशी भीती वाटली.’

इथे सगळं बदललं. नुसता राग धरून बसलं असतं तर पुढचं पाऊल भांडण किंवा राजीनामा, पण ‘नकोसे होण्याची भीती’ सापडली की ही भीती कधीपासूनची, आणखी कोणासमोर वाटते, आपल्याला नक्की काय हवंय, हे सगळं बोलता येतं. लेस्ली ग्रीनबर्ग यांच्या भावनाकेंद्री थेरपीत हाच मुद्दा मुख्य आहे, वरवरची भावना बऱ्याचदा खालच्या भावनेला झाकायला आलेली असते. सगळ्यात आधी येणारा शब्द म्हणूनच शेवटचा धरू नका. ‘टेन्शन आलंय’, ‘मूड ऑफ आहे’ हे शब्द सुरुवातीला ठीक, पण त्याखाली धास्ती आहे का खंत, मत्सर आहे का एकटेपण, शरम आहे का नुसता थकवा, हे शोधा, कारण प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे.

दोन सेशनच्या मध्ये लिहून बघा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटं मनाला लागलेल्या गोष्टींवर लिहायला लावलं होतं, ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या ते पुढच्या काही महिन्यांत डॉक्टरकडे कमी वेळा गेले. व्याकरण बघू नका, कोणाला दाखवू नका. पण रोज तेच तेच उगाळलं जातंय, ‘कारण’, ‘म्हणजे’, ‘आता कळतंय’ असं काहीच नवीन येत नाहीये असं दिसलं तर लिहिणं थांबवा आणि तो विषय सेशनमध्ये घेऊन जा.

घाई मात्र नको. नुकताच मोठा आघात झालेला असेल तर कोणालाही, स्वतःलासुद्धा, सगळं बोलून टाकायला भाग पाडू नका. बोलता बोलता हातपाय थरथरायला लागले, सुन्न व्हायला झालं तर भावना बाजूला ठेवा, खोलीतल्या वस्तूंची नावं घ्या, पाय जमिनीला टेकवा, आणि थेरपिस्टला सांगा की आत्ता इतकंच झेपतंय. आणि थेरपिस्टने सुचवलेला शब्द पटला नाही तर मान डोलावू नका, ‘नाही, तसं नाहीये’ असं बिनधास्त म्हणा, चांगल्या थेरपिस्टला त्याचा राग येत नाही, तो तुमच्यासोबत पुढचा शब्द शोधायला लागतो.