बिघाड असलेली गाडी घरापर्यंत चालवावी का?

गेल्या मे महिन्यात आमचे एक शेजारी मुंबईहून नाशिकच्या इंदिरानगरला परत येत होते. कसारा घाट चढताना तापमानाचा काटा नेहमीची जागा सोडून वर सरकू लागला आणि घोटीच्या पुढे लाल पट्ट्याला टेकला; तरीही ‘आता घर आलंच की’ असे म्हणत त्यांनी गाडी तशीच पाथर्डी फाट्यापर्यंत आणली. मुळात बदलायला हवा होता तो कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे द्रव, वाहून नेणारा एक फाटका होज पाइप. प्रत्यक्षात हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावे लागले, ते वाकलेले निघाले, त्याचे फेसिंग करून (पृष्ठभाग घासून सपाट करून) नवे गॅस्केट, म्हणजे सांधा बंद करणारी चकती, बसवावे लागले आणि गाडी अकरा दिवस गॅरेजमध्ये अडकली. कोणत्या बिघाडात गाडी जागेवर थांबवायची आणि कोणत्या बिघाडात ती गॅरेजपर्यंत नेता येते, हे आधीच ठाऊक असते तर हा खर्च टळला असता.

चालत्या इंजिनात कूलंटचे तापमान साधारण ९० अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि रेडिएटरच्या बंद झाकणाखालच्या दाबामुळे ते १०० अंशांच्या वर गेले तरी लगेच उकळत नाही. गळतीने हा दाब गेला की कूलंटची वाफ होते आणि अ‍ॅल्युमिनियमचे हेड बेसुमार तापून वाकते. म्हणून काटा वर जाऊ लागताच प्रथम एसी बंद करावा, उकाडा सोसून हीटर पूर्ण गरमवर ठेवून पंखा जोरात लावावा, कारण हीटरची छोटी जाळीही रेडिएटरप्रमाणेच इंजिनाची उष्णता बाहेर काढते, आणि पहिली सुरक्षित रुंद जागा दिसताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. इंजिन पूर्ण गार होईपर्यंत, म्हणजे निदान अर्धा-पाऊण तास, झाकण उघडू नये. उसळलेल्या वाफेने चेहरा आणि हात भाजतात. काटा एकाएकी खाली आला म्हणूनही निर्धास्त होऊ नये, कारण कूलंट पूर्ण संपले की सेन्सर कोरडा पडतो आणि तापलेले इंजिनही थंड असल्याचे दाखवू शकतो. गळती बारीक असेल तर साधे पाणी भरून, काट्यावर नजर ठेवत जवळचे गॅरेज गाठता येते; पाणी घालताच खालून वाहत असेल तर टोइंगची गाडीच बोलवावी. पुढच्या काही दिवसांत डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसले तर गॅस्केटमधून पाणी ऑइलमध्ये उतरत आहे असे समजावे. केवळ ऑइलच्या झाकणाखाली पातळ पांढरट थर असेल तर घाबरू नये, पावसाळ्यात जवळच्या फेऱ्यांमुळे ओलाव्यानेही तो धरतो.

ऑइलच्या बाबतीत तर इतकीही सवड मिळत नाही. तेलाच्या चंबूचे चित्र असलेला लाल दिवा बहुतेक गाड्यांत ऑइलचा दाब पडल्याची सूचना देतो. ३००० आरपीएमवर प्रत्येक पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर-खाली होतो आणि त्या वेगात बेअरिंगना एकमेव आधार असतो तो ऑइलच्या पातळ थराचा. तो तुटला की इंजिन काही मिनिटांत सीज होऊ शकते, म्हणजे आतले भाग जाम होतात. गाडी द्वारका चौकाच्या कोंडीत असली तरी इंजिन बंद करून ती ढकलत कडेला घ्यावी. पाच-दहा मिनिटांनी, सपाट जागेवर, डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवून पातळी पाहावी. लहान पेट्रोल गाडीत एकूण ऑइलच तीन-साडेतीन लिटर असते, त्यामुळे एक लिटरची घटही मोठी समजावी. ऑइल भरून गाडी सुरू केल्यावर दिवा लगेच विझला तर हळू चालवत गॅरेजला जावे. पातळी ठीक असूनही दिवा पेटत असेल तर पुन्हा स्टार्टर मारू नये.

इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा स्थिर पेटला आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर एक-दोन दिवसांत स्कॅन करून घेतले तरी चालते. तोच दिवा लुकलुकत असेल आणि गाडी मिसिंग करत (झटके देत) असेल, तर न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरच्या धूर शुद्ध करणाऱ्या भागात, जाऊन जळते आणि तो निकामी होतो. शिवाय ते सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते. अशा वेळी जवळचेच गॅरेज गाठावे. दोष बहुधा स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइलचा निघतो. बॅटरीचा दिवा लागला तर बोनेट उघडून, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा पट्टा जागेवर आहे ना ते पाहावे, कारण अनेक गाड्यांत त्याच पट्ट्यावर कूलंट फिरवणारा वॉटर पंपही फिरतो; पट्टा तुटला असेल तर गाडी पुढे नेऊ नये.

सस्पेन्शनचा खडखडाट, व्हील बेअरिंगची घरघर आणि घसरणारा क्लच यांनी इंजिनाला धोका नसतो. ब्रेकच्या किरकिरीनेही इंजिन बिघडत नाही, पण ब्रेक जिवाशी निगडित असल्याने त्याचे काम त्याच दिवशी करावे. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल जुळवणारा टायमिंग बेल्ट मात्र बहुधा काहीही न सुचवता तुटतो आणि अनेक इंजिनांत तुटताक्षणी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. तो मॅन्युअलमधल्या किलोमीटर किंवा वर्षांच्या मर्यादेपूर्वीच बदलावा.

बीएस-६ डिझेल गाडी रोज फक्त गंगापूर रोड ते कॉलेज रोड एवढीच फिरत असेल, तर तिच्या डीपीएफमधली, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीतली, काजळी जळून जाण्याइतकी उष्णता तयार होत नाही. ही काजळी जाळण्यासाठी गाडी जादा डिझेल सोडते; प्रक्रिया अर्धवट राहिली की ते डिझेल अनेक गाड्यांत ऑइलमध्ये मिसळते, ऑइल पातळ होते आणि डिपस्टिकवरची पातळी चक्क वाढलेली दिसते. डीपीएफचा दिवा लागला तर सिन्नरच्या दिशेने वीस-तीस मिनिटे एकसारख्या वेगाने गाडी चालवावी. पातळी वाढलेली असेल तर आधी ऑइल बदलावे.

पावसाळ्यात गोदाकाठच्या रस्त्यांवर साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर ती पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळावा. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी असताना एकदा जरी स्टार्टर मारला तरी कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. गाडी ओढून बाहेर काढावी आणि एअर फिल्टर ओला आहे का, ऑइलमध्ये पाणी गेले आहे का, हे मेकॅनिकने तपासल्यावरच चावी फिरवावी.