जुन्या स्पोर्ट्स गाडीचा कॅट बदलताय? या चुका टाळा

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या पाइपमधला धूर शुद्ध करणारा डबा. स्कॅनरवर पी-०४२० कोड, म्हणजे कॅट नीट काम करत नसल्याचा इशारा, दिसला की लोक थेट विचारतात, ‘स्वस्तात कॅट कुठे मिळेल?’ कॅट खरंच गेलाय का, आणि कशाने गेला, हे विचारणारा वर्षाला एखादा.

गणपतीत मुंबईहून एक चाकरमानी जुनी टर्बो पेट्रोल गाडी घेऊन आला. सहा महिन्यांपूर्वी नवा कॅट बसवलेला. भोस्ते घाटात गाडीचा दम गेला, थांबून वाकून बघतो तर कॅट लालबुंद. ‘दादा, मला डुप्लिकेट पार्ट चिकटवला हो.’ पार्टचा काही दोष नव्हता. तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी पाडणारी कॉइल गरम झाली की मिसिंग मारायची, म्हणजे ठिणगी चुकायची. न जळालेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटायचं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळायची. जुना कॅटही असाच गेलेला. एका कॉइलपायी दोन कॅट! कॉइल थंड असताना गुणी बाळासारखी चालते, म्हणून गाडी गरम करून तपासा. मी संशयातली कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून बघतो. मिसिंग तिच्या मागोमाग गेलं तर चोर सापडला. इंजिन ऑइल पीत असेल तर आधी ते बघा, नाहीतर नवा कॅटही काळवंडणार.

कॅटमागच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी, इंजिनाच्या बाजूला, पाइप फुंकत म्हणजे गळत असेल तरी हाच कोड येऊ शकतो. थंड गाडी चालू करायची, पोऱ्याला टेलपाइपवर जाड फडकं क्षणभर दाबायला सांगायचं आणि खाली कान द्यायचा. खर्च शून्य. खाऱ्या हवेत हर्णे-दाभोळकडच्या गाड्यांचे जोड असेच सडलेले असतात.

आता माझा जुना राग. ‘जाळी फोडून पोकळ करून देतो, पिकअप पण वाढेल.’ असं सांगणाऱ्याच्या गॅरेजातून चावी घेऊन निघा. पीयूसीत सीओ-एचसी (कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेलं इंधन) वर जातात, कोड तसाच राहतो, मग सेन्सरखाली स्पेसर (त्याला धुरापासून लांब ठेवणारा तुकडा) घालून डॅशबोर्डवरचा चेक-इंजिन दिवा विझवायचा. दिवा विझला म्हणजे धूर शुद्ध झाला का? शिवाय कायद्यातही हे बसत नाही.

पैसे वाचवायचेच तर वेल्डिंगने बसणारा युनिव्हर्सल कॅट घ्या. इंजिनाची सीसी आणि पाइपचा व्यास जुळवा, बाण धुराच्या दिशेने ठेवा. जागा सोयीची म्हणून मागे सरकवू नका. कॅटला इंजिनाची धग लागते, थंड कॅट काम करत नाही. वेल्डिंगआधी बॅटरी काढा. भंगारातला कॅट मी बसवत नाही. आत किती जीव उरलाय ते हातात धरून कळत नाही.

जुना कॅट गॅरेजात सोडून येऊ नका. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं, भंगारवाला पैसे देतो. नव्याच्या बिलातून तेवढे वजा होतात.

सेन्सरजवळ सिलिकॉन सीलंट फासू नका. तापलेली गाडी पाण्यात घातली की जाळी तडकू शकते. पेंढ्यावर किंवा वाळल्या गवतावर गाडी लावू नका, तापलेल्या कॅटने ते पेटू शकतं.

गंजलेले नट घाईने फिरवू नका, स्टड तुटतो. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, सकाळी परत मारा, मग पाना लावा.