स्वतः काढलेला टॅरो छापताना: कागद आणि फिनिशबद्दल थोडं अनुभवाचं

छपाईवाला कागदाचे नमुने पुढे ठेवतो तेव्हा प्रत्येक तुकडा हवाहवासा वाटतो. एक जाड, एक गुळगुळीत, एक मखमली. तिथल्या तिथे ठरवू नका. टॅरो म्हणजे भविष्य बघायचे चित्रांचे पत्ते. त्याचा कॅट ७८ पत्त्यांचा असतो, २२ मेजर आर्काना (मुख्य पत्ते) आणि ५६ मायनर (बाकीचे). एकट्या पत्त्याला शोभणारा कागद अख्ख्या कॅटला झेपेलच असं नाही. मी माझ्या चित्रांचे कॅट छापून घेते, आणि नवा नमुना आला की आधी एवढंच बघते: याचे ७८ तुकडे एकत्र पिसता येतील का?

सुरुवात जाडीपासून करू. सगळे जीएसएम विचारतात, पण जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, जाडी नव्हे. ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड (कोटिंग केलेला जाड कागद) दाबून गुळगुळीत केलेलं असतं, त्यामुळे त्याच वजनाच्या अनकोटेड, म्हणजे कोटिंग नसलेल्या कागदापेक्षा ते पातळ भरतं. म्हणून जाडी मिलिमीटरमध्ये किंवा मायक्रॉनमध्ये विचारा आणि ७८ने गुणा. ०.३ मिमीच्या पत्त्यांचा कॅट साधारण २३ मिमी होतो, ०.४ मिमीचा ३१. कागदावर फरक किरकोळ दिसतो, पण टॅरोचा पत्ता नेहमीच्या पत्त्यापेक्षा मोठा, बहुधा ७० बाय १२० मिमी. त्या आकारात ३१ मिमीचा गठ्ठा लहान हातात मावत नाही. जाड म्हणजे भारी, हा समज व्हिजिटिंग कार्डाच्या बाबतीत ठीक आहे.

खास पत्त्यांसाठी बनवलेला बोर्ड मिळाला तर दुसरं काही बघू नका. त्यात दोन कागदांमध्ये गडद थर असतो, त्यामुळे उजेडात धरला तरी पलीकडचं चित्र दिसत नाही, आणि वाकवून सोडला की पत्ता पुन्हा सरळ होतो. थोड्या प्रतींसाठी तो मिळेलच असं नाही. मग आर्ट कार्ड घ्या, पण मागे मोबाइलचा टॉर्च धरून बघा. पाठीवर गडद रंग ठेवला तर बरंचसं झाकलं जातं.

आता फिनिश, म्हणजे छापल्यावर वरून दिलेला थर. इथे जरा वेळ द्या, कारण कॅट बिघडतो तो बहुतेक इथेच. ग्लॉस लॅमिनेशनमध्ये, म्हणजे वर चकचकीत प्लास्टिक फिल्म चिकटवली की, रंग खुलतात खरे, पण पत्ते टेबलावर आडवे मांडले की वरच्या दिव्याची तिरीप नेमकी चित्रावर पडते. शिवाय नवे ग्लॉस पत्ते एकमेकांना चिकटतात. सॉफ्ट टच ही मखमली फिल्म हाताला फार छान लागते. मात्र गडद रंगावर बोटांचे ठसे उठतात, आणि पिसताना पत्ते घसरायच्या ऐवजी अडतात. मला स्वतःला साधं मॅट, म्हणजे बिनचकाकीचं, पसंत आहे. कोणतंही लॅमिनेशन दोन्ही बाजूंना करा. एकाच बाजूला फिल्म लावली की हवेतल्या ओलाव्याने उघडी बाजू फुगते आणि पत्ता वाकतो. फिल्मची जाडीही धरा: २५ मायक्रॉनची फिल्म दोन्हीकडून लावली तर ७८ पत्त्यांत जवळजवळ ४ मिमी वाढतात. डिजिटल छपाईच्या टोनरवर (पावडरीच्या शाईवर) साधी फिल्म कधी कधी नीट धरत नाही आणि कापलेल्या कडेपासून सुटते. डिजिटल छपाईसाठीची जास्त चिकट फिल्म आहे का, ते आधीच विचारा.

ऑफसेटवर, म्हणजे प्लेट बनवून जास्त प्रती छापणार असाल तर पाण्यावर आधारित कोटिंग लॅमिनेशनपेक्षा उत्तम. थर पातळ असतो आणि सुटायला फिल्मच नसते. त्यावर लिननचा, म्हणजे कापडाच्या विणीसारखा पोत असेल तर पत्त्यांमध्ये जरा हवा राहते आणि ते सहज सरकतात. तुमची रेघ फारच बारीक असेल तर मात्र तो पोत तिला किंचित तोडतो.

फॉइल (धातूसारखी चमकती पन्नी) आणि स्पॉट यूव्ही (ठरावीक जागी चकचकीत वार्निश) यांचा मोह आवरा. फक्त मेजरच्या पत्त्यांवर फॉइल लावलं तर न बघताही बोटांना कळतं की हा मेजर आहे. मग पत्ता ओढण्यात राम काय राहिला? चमक हवीच असेल तर ती डबीवर किंवा कॅटच्या कडांवर द्या.

पाठीचं चित्र उलटसुलट दोन्हीकडून सारखं दिसायला हवं, नाहीतर उलटा पत्ता आधीच ओळखू येतो, आणि टॅरोमध्ये उलट्या पत्त्याचा अर्थ वेगळा लावतात. पाठीला बारीक चौकटही नको. दोन्ही बाजूंच्या छपाईत मिलिमीटरभर सरक होतेच, आणि चौकट ती चारही बाजूंनी ओरडून सांगते. कडेपर्यंत जाणारी नक्षी आणि ३ मिमी ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून मापाबाहेर वाढवलेलं चित्र), बस्स.

ब्लीड धरून १३ बाय १९ इंची कागदावर १२ पत्ते बसतात, म्हणजे ७ कागद आणि ६ जागा रिकाम्या. त्या जागी जास्त हाताळले जाणारे पत्ते पुन्हा छापून ठेवा. जागा वाचवायला काही पत्ते आडवे फिरवू नका. कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, बदलला की ते पत्ते वेगळ्या दिशेने वाकतात.

छापण्याआधी निवडलेल्या कागदाचे ७८ कोरे पत्ते लॅमिनेशनसकट कापून मागा आणि काही दिवस पिसत राहा. डबीचं माप त्या कोऱ्या कॅटवरूनच द्या, वर एखाद मिलिमीटर सैल ठेवून.